भिजत पडलेले घोंगडे

एखादे काम वर्षानुवर्षे निकालात निघाले नाही की त्याचे 'भिजत घोंगडे' पडले असे आपण म्हणतो. कचेरीतील अर्जापासून घरातील वाटणीपर्यंत हा वाक्प्रचार आपणास सारखाच उपयोगी पडतो. परंतु तो योजणाऱ्यांपैकी भिजलेले घोंगडे प्रत्यक्ष उचलून पाहिलेले किती निघतील, याची शंकाच आहे. ज्याने ते उचलले आहे त्यास या वाक्प्रचाराचे मूळ सांगावे लागत नाही. चार सरींना दाद न देणारे हे जाड वस्त्र एकदा पुरते ओले झाले, की इतके जड होते की ते धड पिळता येत नाही आणि चांगले ऊन पडेपर्यंत वाळतही नाही. शब्द आपल्या तोंडी राहिला आणि वस्तू माळ्यावर गेली. आणि ज्या जनावराच्या अंगावरून ती वस्तू येते त्याची तर आपणास आठवणही उरली नाही. या वस्तूचा व त्या जनावराचा अहमदनगर जिल्ह्यातील इतिहास थोडक्यात सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडे खेड्याचा इतिहास लिहिण्याची जी वहिवाट पडली आहे, तीत बसलेल्या माणसांचा इतिहास येतो, चालत्या माणसांचा येत नाही. याचे कारण उघड आहे. पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार यांस वतने होती. वतन म्हटले की सनद आली, तंटा आला, निवाडा आला, आणि या सर्वांचे कागद दप्तरांत जपून राहिले. धनगर वर्षातील सात-आठ महिने कळपामागे चालत असे. बारा बलुतेदारांच्या नेहमीच्या यादीत त्याचे नाव नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' हा ग्रंथ 1915 साली प्रसिद्ध झाला. खेड्याच्या रचनेचे त्याच्याइतके बारकाईचे वर्णन मराठीत क्वचितच सापडेल. पण त्यातही 'फिरस्ते' लोकांकडे पाहण्याची दृष्टी मुख्यत्वेकरून गावावर पडणारा भार मोजणाऱ्याची आहे. काही फिरस्त्यांपुरती ती खरीही असेल. धनगराच्या बाबतीत मात्र हिशेबाची दुसरी बाजू पाहिल्यावाचून न्याय होणार नाही.

ही दुसरी बाजू समजण्याकरिता जिल्ह्याची भूमी आधी ध्यानात घेतली पाहिजे. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीची रांग आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर उंचीचे कळसूबाई, तेथेच आहे आणि त्या डोंगरांवर पाऊस धो धो कोसळतो. तेथून पूर्वेस थोडे उतरले की पाऊस झपाट्याने आटतो. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा सारा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर शेतकरी त्यास बरे वर्ष म्हणतो. माळरान उथळ, गवत आखूड, बाभळीबोरींचे काटे मात्र भरपूर. अशा भूमीवर गाय-बैल पोसणे कठीण, पण दख्खनी मेंढी पोसता येते. ती बहुधा काळ्या रंगाची, काटक आणि लांब चालणारी असते. तिची लोकर भरड व केसाळ असून वर्षाकाठी एका मेंढीमागे ती अदमासे अर्धा किलोच निघते.

पाऊस संपून माळ वाळू लागला की कळप हलत. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड चढे. भांडी, वाघूर, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि कधी कधी घरचे तान्हे मूलही त्याच पाठीवर. पारनेरकडील ढवळपुरीसारख्या गावांचे धनगर सह्याद्रीचे घाट उतरून कोकणात जात आणि मृगाच्या आधी परत फिरत. कारण कोकणच्या चिखलात मेंढीचे खूर सडतात. हा प्रवास हौसेचा नव्हता आणि दिशाहीनही नव्हता. कोणत्या गावी कोणाच्या शेतात किती रात्री मुक्काम करावयाचा, हे पिढ्यानपिढ्या ठरलेले असे.

मुक्कामाची ही रात्र म्हणजेच हिशेबाची ती दुसरी बाजू होय. पीक निघालेल्या मोकळ्या शेतात सायंकाळी वाघूर, म्हणजे जाळ्यांचे कुंपण, उभारून त्यात मेंढ्या बसवीत. सकाळी कळप उठून गेला की लेंडी आणि मूत यांनी जमीन खतावलेली असे. गाडी जुंपावयास नको, उकिरडा उपसावयास नको; खत आपल्या पायांनी चालत शेतात येई. याचा मोबदला शेतकरी धान्याच्या रूपाने देई. देशावर ज्वारी-बाजरी, कोकणात भात. ज्यास आपण गावावरचा भार समजलो, तो वास्तविक पाहता गावच्या जमिनीचा पोशिंदा होता. या व्यवहारास ना सनद होती ना करारनामा, म्हणून दप्तरात त्याचा माग लागत नाही. तो लागतो तो घोंगड्यात.

घोंगडे तयार होते कसे, हेही पाहण्याजोगे आहे. मेंढ्या वर्षातून साधारण दोनदा कातरतात. कोकराची पहिली लोकर, जिला जावळ म्हणतात, ती सर्वांत मऊ. तिचे घोंगडे मोलाचे समजतात. कातरलेली लोकर काळी, पांढरी, करडी अशी निवडावयाची, काटेकुसळे वेचावयाची, धुवावयाची आणि मग पिंजावयाची. सूत कातण्याचे काम बहुतेक बायकांचे. ताणा ताठ उभा राहावा म्हणून त्यास चिंचोक्यांची खळ देतात: चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही खळ कुंच्याने प्रत्येक धाग्यास लावावी लागते. त्यानंतर विणकर खड्ड्याच्या मागावर बसतो. हे काम सणगर आणि खुटेकर धनगर यांचे. ताणा बांधण्याच्या खुंट्यावरून खुटेकर हे नाव पडले असे सांगतात. रंगाचा उपयोग मुळीच नाही. मेंढीच्या अंगावर जे रंग असतील तेच घोंगड्यावर. काळ्या अंगाला पांढरी किनार साधली की अलंकार पुरा झाला.

याप्रमाणे सिद्ध झालेले वस्त्र एकाच कामाकरिता नसे. पावसात त्याची खोळ करून डोक्यावरून घ्यावी, थंडीत पांघरावे, रानात अंथरावे, खळ्यावर त्यात धान्य बांधावे. पंच बसले तर घोंगड्यावर बसत आणि देवाचा घट मांडला तर तोही घोंगड्यावर. रानात गुरे राखणाऱ्या कृष्णाच्या खांद्यावर महाराष्ट्राच्या भक्तीने काळी कांबळीच घातली, पीतांबरावर तिची तृप्ती झाली नाही. भरड लोकर हा दोष नसून गुणच आहे, हे या उपयोगांवरून ध्यानात येईल. काट्यांतून ओढले तरी न फाटणारे आणि पाण्याचे थेंब बराच वेळ बाहेरच ठेवणारे वस्त्र मऊ लोकरीचे होत नाही.

या जिल्ह्याच्या इतिहासात धनगराचे नाव एकदा फार मोठ्या अक्षरांनी लिहिले गेले आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे 31 मे 1725 रोजी माणकोजी शिंदे यांच्या घरी अहिल्याबाईंचा जन्म झाला. त्यांचे सासरे मल्हारराव होळकर हेही धनगर कुळातले. त्यांनी लहानपणी मेंढ्या राखल्याची कथा प्रसिद्ध आहे. अहिल्याबाईंनी पुढे नर्मदातीरी महेश्वर येथे राजधानी नेली, तेथे विणकर आणून वसविले आणि महेश्वरच्या लुगड्यांस जे नाव मिळाले ते आजतागायत टिकून आहे. माग चालावयाचा असेल तर त्यास आश्रय लागतो, हे धनगराच्या या लेकीने पुरते ओळखले होते. दैवाची विचित्र गती अशी, की तिच्या माहेरच्या मुलखातील मागास तसा आश्रयदाता कोणी लाभला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या डी. सी. चर्चिल यांनी सुधारलेला हातमाग तयार केला व त्याची पुष्कळ वाखाणणी झाली. परंतु त्या खटाटोपाचा मुख्य विषय सुती कापड हाच होता.

घोंगड्याचा उतरता काळ कोणत्या एका वर्षी सुरू झाला असे म्हणता येणार नाही. तरी काही खुणा स्पष्ट दिसतात. 1876 च्या दुष्काळाने दख्खनची जनावरे आणि माणसे दोन्ही खचली. त्याच सुमारास, 1878 साली, दोन गोष्टी घडल्या. जंगलाचा कायदा झाला आणि राखीव रानात चराईस बंधने आली. आणि धोंड-मनमाड हा लोहमार्ग अहमदनगरवरून सुरू होऊन बाहेरचा माल खेड्यांच्या जवळ आला. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस उभा राहिला, आणि 1950 साली लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखाना चालू झाला. ज्या जिल्ह्याने दुष्काळाखेरीज दुसरे काही पाहिले नव्हते त्यास या पाण्याने जगविले, यात शंका नाही. पण प्रत्येक वरदानास किंमत असते. कालव्याखालची जमीन वर्षभर पिकाखाली राहू लागली. मोकळे रान उरले नाही, तेव्हा कळपास बसावयास जागा उरली नाही. पुढे खताची पोती आली आणि लेंडीखताचे अगत्यही कमी झाले.

यानंतर मेंढी सुधारण्याचे प्रयत्न झाले. सरकारी प्रक्षेत्रांवर मेरिनो, रांबुये अशा परदेशी जातींशी दख्खनी मेंढीचा संकर करून पाहण्यात आला. लोकर मऊ व पुष्कळ निघावी हा हेतू चांगलाच होता. परंतु थंड मुलखातील मऊ लोकरीचे जनावर शेकडो मैल काट्याकुट्यांतून चालविणे म्हणजे रेशमी जोड्यांनी घाट चढण्यासारखेच होते. धनगराने त्यापेक्षा बाजाराचा कल ओळखला. मांसाचा भाव चढत गेला, लोकरीचा पडत गेला. तेव्हा त्याने मेंढी मांसासाठी पाळली. राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर संशोधन चालते, त्याचाही भर आता वजनवाढीवर अधिक आहे. आज स्थिती अशी आहे की पुष्कळ ठिकाणी लोकर विकून कातरण्याची मजुरीदेखील सुटत नाही आणि कातरलेली लोकर माळावरच टाकून कळप पुढे जातो.

याच वेळी एक उलट चमत्कार घडत आहे. शहरातील सुशिक्षित घरांस घोंगड्याची नव्याने आवड उत्पन्न झाली आहे. ज्यास आजोबांच्या पिढीने माळ्यावर टाकले, ते आता मोबाईलच्या पडद्यावर चित्र पाहून घरबसल्या मागविता येते. त्याच्या अंगी नाना दुखणी बरी करण्याचे गुण आहेत असे विक्रेते सांगतात. ते खरे मानावयास पुरावा पाहिजे. तथापि केवळ हौसेने का होईना, चार मागांस काम मिळत असेल तर त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. घोंगडे ही सुटी वस्तू नव्हे. तिच्यामागे माग आहे, मागामागे लोकर आहे, लोकरीमागे मेंढी आहे आणि मेंढीमागे चालण्याची वाट आहे. वस्तू विकत घेऊन आपण यांपैकी शेवटच्या दुव्यास मदत केली असे समाधान मानतो; पहिला दुवा मात्र रोज तुटत असतो. वाट बंद झाली, रान राहिले नाही, लोकरीस मोल आले नाही, तर उद्या घोंगडी गिरणीच्या धाग्याची होतील. नाव तेवढे जुने राहील.

ओव्या ऐकवून आपला इतिहास सांगणारे हे लोक आहेत. गुंथर सोन्थायमर (1934–1992) या जर्मन पंडिताने त्यांच्याबरोबर रानोमाळ हिंडून बिरोबाच्या त्या ओव्या टिपून घेतल्या, तेव्हा 'सुंबरान' मांडून रात्र रात्र चालणारे हे कथन म्हणजे एका समाजाचे दप्तरच आहे, हे विद्वानांच्या ध्यानात आले. एका परदेशीयास जे ऐकू आले ते आपणांस शेजारी राहून ऐकू येऊ नये, ही खेदाची गोष्ट आहे.

2024 साली या जिल्ह्यास अहिल्यानगर हे नाव मिळाले. नाव देण्याने गौरव होतो, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु जिचे नाव दिले तिने महेश्वरी काय केले होते, तेही आठवावे. तिने मागांस नाव दिले नाही. घर दिले आणि गिऱ्हाईक मिळवून दिले. चौंडीच्या परिसरातून आजही कळप जातात, माणसे डोक्यावर खोळ घेऊन त्यांच्यामागे चालतात, आणि त्यांची चराईची वाट, त्यांच्या लोकरीचा भाव हे प्रश्न दीडशे वर्षे अंगणात पडून आहेत. भिजलेले घोंगडे पिळून वाळत नाही. त्यास ऊन दाखवावे लागते, आणि त्याकरिता आधी दोघांनी दोन टोके धरून ते उचलावे लागते. एक टोक धनगराने केव्हापासून धरले आहे. दुसऱ्या टोकाशी अद्याप कोणी आलेले नाही.