फ्रेंच सन्मानपदकें व त्यांवरील सनांचा अर्थ

चाकणचा संग्रामदुर्ग व चिंचवडचें देवसंस्थान यांमुळें पिंपरी-चिंचवड व चाकण हा पट्टा संशोधकांस सुपरिचित आहे. त्याच्या अर्वाचीन इतिहासाचा एक धागा मात्र फ्रान्सपर्यंत जातो. १९६६ मध्यें ज्या उद्योगसमूहानें पिंपरीस टेल्कोचा कारखाना उभारला, त्याचे तत्कालीन अध्यक्ष जहांगीर रतनजी दादाभाई टाटा हे २९ जुलै १९०४ रोजीं पॅरिस येथें जन्मले. त्यांच्या मातोश्री फ्रेंच होत्या. आणि १९८३ मध्यें फ्रेंच सरकारनें त्यांस ‘लीजन ऑफ ऑनर’ हा बहुमान दिला. त्यापूर्वीं १९२५ मध्यें मुंबईचे पारशी पंडित जीवनजी जमशेदजी मोदी यांसही तो मिळाला होता. या जातीचीं पदकें संग्राहकांपुढें आलीं असतां त्यांची परीक्षा कशी करावी, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

हा बहुमान नेपोलियननें १९ मे १८०२ रोजीं स्थापिला. तिसऱ्या प्रजासत्ताकाच्या ताऱ्यावर १८७० हा आंकडा असतो. नवखा संग्राहक तेंच पदकदानाचें वर्ष समजतो. वस्तुतः तें प्रजासत्ताकाच्या स्थापनेचें होय, व १९५१ पर्यंत तोच आंकडा कायम होता. म्हणून १९२५ च्या पदकावर १८७० असणें सयुक्तिक. परंतु १८७० चा तारा कोणी १९८३ चा म्हणून पुढें केला, तर तो दावा संशयास्पद मानावा. कृषिसेवेबद्दलच्या ‘मेरित आग्रिकोल’ पदकावरील १८८३ हें वर्षही त्या बहुमानाच्या स्थापनेचेंच आहे. मराठी रुपयावर बादशहाचें नांव दिसलें म्हणून तो दिल्लीस पाडला असें आपण म्हणत नाहीं. तोच विवेक येथें हवा.

कडेचीही तपासणी करावी. पॅरिसच्या टांकसाळीच्या पदकांवर १८६० ते १८७९ पर्यंत मधमाशीचें व १८८० पासून समृद्धिशृंगाचें चिन्ह आढळतें. त्यापूर्वींच्या सनाच्या पदकावर शृंग दिसल्यास तें जुन्या साच्यावरून मागाहून पाडलेलें समजावें. जवाहिऱ्यांनीं घडविलेल्या ताऱ्यांवर मात्र कसाची छाप शोधावी लागते.

एवढें करूनही मुख्य प्रश्न उरतोच: पदक कोणाचें? ब्रिटिश लष्करी पदकांच्या कडेवर बहुधा धारकाचें नांव कोरलेलें असतें. १८८६ मध्यें सुरू झालेल्या फ्रेंच श्रमसन्मान-पदकाच्या मागील बाजूसही तें पुष्कळदां आढळतें. ‘लीजन’चा तारा मात्र सामान्यतः निनांवी असतो; त्याचा धनी सांगणारा पुरावा म्हणजे सोबतचें सनदपत्र. कुटुंबांतून पदक सोनाराकडे वजनावर जातें आणि कागद रद्दींत जातो, त्या क्षणीं इतिहास नष्ट होऊन केवळ चांदी उरते.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, पदक विकत घेतांना सनदपत्र, पत्रव्यवहार, डबी व छायाचित्र हीं आधीं मागावीं, व घेतल्यावर तीं एकत्रच ठेवावीं. चिंचवडच्या देवांचीं इनामें आज आपणांस कळतात तीं जपून ठेवलेल्या कागदांमुळेंच. परदेशी ताऱ्यासही हाच न्याय लागू आहे.