वाहतूक नियमन आणि पोलिसांचा स्वेच्छाधिकार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भारतात १९१४ व १९३९ च्या कायद्यांनंतर मोटार वाहन अधिनियम, १९८८ अस्तित्वात आला. त्यातील कलम १७७ नुसार किरकोळ गुन्ह्यास पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो ५०० रुपये झाला. कलम २०० अन्वये शासनाने प्राधिकृत केलेला अधिकारी तडजोड शुल्क घेऊन प्रकरण न्यायालयाबाहेर मिटवू शकतो. याच कलमाच्या आधारे गुजरातने सप्टेंबर २०१९ मध्ये हेल्मेट न वापरल्याबद्दलचे शुल्क १००० वरून ५०० रुपयांवर आणले. ही सवलत लेखी होती व सर्वांना सारखीच लागू होती. याउलट चौकात कोणाला अडवावे व कोणाला समज देऊन सोडावे, हा पोलिसाचा निर्णय सहसा नोंदीविना होतो. २०१९ मध्येच कलम १३६अ ने इलेक्ट्रॉनिक देखरेखीची तरतूद केली. कॅमेरा ओळखपाळख पाहत नाही. तशीच रुग्णाला नेणाऱ्याची निकडही त्याला कळत नाही. सारांश, पोलिसाचा विवेक नाहीसा करणे इष्ट नव्हे. मात्र दंडाप्रमाणे सवलतीचीही कारणासह नोंद व्हावी. अन्यथा संविधानाच्या अनुच्छेद १४ मधील समानता चौकापर्यंत पोहोचणार नाही.