न्यूअर्कला फक्त विमानासाठीच जाता का?

न्यू जर्सीतल्या आपल्यापैकी बहुतेकांसाठी न्यूअर्क म्हणजे एअरपोर्ट. आई-बाबांना घ्यायचं, लोणच्याची बरणी फुटली नाही ना बघायचं आणि टर्नपाइकने थेट घरी. शहरात कशाला कोण जातंय! पण तिथल्या एका शाळेची गोष्ट तुम्हाला सांगायचीय.

सेंट बेनेडिक्ट्स प्रेप. १८६८ मध्ये बेनेडिक्टाइन पंथाच्या कॅथलिक साधूंनी मुलग्यांसाठी काढलेली. तेव्हा तिथे शिकायची ती स्थलांतरितांची पोरं, म्हणजे त्या काळातले आपणच म्हणा ना.

जुलै १९६७ मध्ये पोलिसांनी एका कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्याला मारहाण केली आणि शहर पेटलं. २६ माणसं गेली. गोरी कुटुंबं आधीपासूनच उपनगरांकडे सरकत होती, आता तर रीघच लागली. शाळेचा पट घसरला. मठातही दोन तट पडले: इथेच राहायचं की निघायचं? १९७२ मध्ये शाळा बंद झाली आणि बरेच साधू मठ सोडून गेले.

जे राहिले त्यांनी पुढच्याच उन्हाळ्यात, १९७३ मध्ये, शाळा पुन्हा उघडली. विद्यार्थी शंभराच्याही आत. मुख्याध्यापक एडविन लीही, याच शाळेचा माजी विद्यार्थी, तिशीही न गाठलेला. पैसे नाहीत, शिक्षक कमी, आणि समोर शहरातली गरीब, बहुतेक कृष्णवर्णीय मुलं. अशा मुलांवर आणखी कडक पहारा ठेवावा, असंच कुणालाही वाटलं असतं. यांनी उलटंच केलं. मुलांना जे स्वतः करता येतं ते त्यांच्यासाठी कधीच करायचं नाही, असं ठरवलं.

(रात्री अकराला सायन्स फेअरचा बोर्ड चिकटवत बसणाऱ्या आईबापांनो, मीही तुमच्यातच आहे.)

म्हणजे नेमकं काय? शाळा गटांमध्ये वाटलेली, आणि प्रत्येक गटाचा प्रमुख विद्यार्थीच. नवीन मुलं सुरुवातीला काही रात्री शाळेतच झोपतात, एकमेकांची नावं पाठ करतात. वर्ष संपताना अ‍ॅपलाचियन ट्रेलवर पन्नासएक मैलांची पायपीट, पाठीवर सगळं ओझं घेऊन. तिथे वाट चुकली तर ती शोधायचीही पोरांनीच. २०२० पासून शाळेत मुलीही आहेत. आज इथली जवळजवळ सगळी मुलं हायस्कूल पूर्ण करून कॉलेजला जातात.

पण मला सगळ्यात भावली ती सकाळची हजेरी. अख्खी शाळा एकत्र जमते आणि हजेरी मुलंच घेतात. कुणी दिसलं नाही तर त्याची चौकशी त्याच्या गटाने करायची. घरी काही झालंय का, झोपून राहिलाय का, बस चुकली का? बापाचा पत्ता नसलेल्या, आई दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या मुलालाही माहीत असतं की आज आपण गेलो नाही, तर आठच्या सुमारास कुणीतरी फोन करणार. आणि तो फोन ऑफिसमधून आलेला नसतो, त्याच्याच वयाच्या कुणा पोराचा असतो.