टी पेशींचा प्रतिसाद
विषाणूचा संसर्ग झाल्यावर किंवा लस टोचल्यावर टी पेशी या पांढऱ्या रक्तपेशींकडून होणारी प्रतिकाराची क्रिया म्हणजे टी पेशींचा प्रतिसाद होय. या पेशी अस्थिमज्जेत उत्पन्न होतात व छातीतील थायमस ग्रंथीत परिपक्व होतात. ‘टी’ हे अक्षर त्या ग्रंथीच्या नावातील आहे. थायमसचे कार्य जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून उघड केले. तोपर्यंत ही ग्रंथी निरुपयोगीच समजली जात असे.

कार्य
प्रतिपिंडे पेशीबाहेरील विषाणूला अडवतात. पेशीत शिरलेल्या विषाणूपर्यंत ती सहसा पोहोचत नाहीत. मात्र संसर्ग झालेली पेशी विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे एमएचसी नावाच्या रेणूंवर धरून आपल्या पृष्ठभागावर मांडते. मारक टी पेशी (सीडी ८) ते तुकडे ओळखून ती पेशीच नष्ट करतात. साहाय्यक टी पेशी (सीडी ४) मारक पेशींना आणि प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशींना चेतवतात. एचआयव्ही नेमका या साहाय्यक पेशींनाच ग्रासतो.

तुकडा व एमएचसी यांची ही जोडओळख पीटर डोहर्टी व रॉल्फ झिंकरनागेल यांनी कॅनबेरा येथे १९७० च्या दशकात शोधली. त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी उंदरांत वापरलेल्या विषाणूची एक विलक्षण गोष्ट अशी, की तो मेंदूत शिरल्यावर उंदीर दगावतो तो मुख्यतः टी पेशींच्याच माऱ्याने.

स्मृती व लस
संसर्ग ओसरल्यावर बहुतेक टी पेशी मरतात, थोड्या स्मृतिपेशी म्हणून उरतात. २००३ च्या साथीत सार्स होऊन बरे झालेल्यांच्या रक्तात अशा पेशी १७ वर्षांनंतरही आढळल्या. तरीही लसीचे यश बहुधा प्रतिपिंडांवरूनच मोजतात, कारण ती चाचणी सोपी असते. टी पेशी तपासण्यासाठी जिवंत पेशी लागतात. हे माप अपुरे आहे. ओमायक्रॉनने प्रतिपिंडांना बऱ्याच अंशी चकवले, पण लसीने घडवलेल्या टी पेशींना तो पुष्कळसा ओळखू येत राहिला.

नागीण हा रोग याचे अधिक स्पष्ट उदाहरण आहे. कांजिण्यांचा विषाणू चेतापेशींत वर्षानुवर्षे सुप्त राहतो. उतारवयात त्याविरुद्धची प्रतिपिंडे टिकून असली, तरी टी पेशींचा प्रतिसाद क्षीण होतो आणि विषाणू पुन्हा उसळतो. पुरळ एका चेतेच्या पट्ट्यात, बहुधा शरीराच्या एकाच बाजूस उठते. ‘नागिणीचे वेटोळे पूर्ण झाले की माणूस दगावतो’ ही समजूत निराधार आहे. ५० वर्षांवरील व्यक्तींना दोन मात्रांत दिली जाणारी नागिणीची लस सीडी ४ पेशींना पुन्हा सबळ करते.