पाणथळ वनस्पती : पाणी व गाळ यांवरील परिणाम

तळी, दलदली, खाड्या अशा ठिकाणी मुळे पाण्यात किंवा चिंब गाळात ठेवून वाढणाऱ्या वनस्पती भोवतालच्या पाण्याचे आणि तळच्या गाळाचे गुणधर्म बदलतात. पाणकणीस, देवनळ, लव्हाळा, कमळ, हायड्रिला, जलपर्णी आणि खाडीतील तिवर ही आपल्याकडची परिचित उदाहरणे. या वनस्पती पाणी शुद्ध करतात, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. बरेचसे शुद्धीकरण मुळांभोवतीचे जीवाणू करतात आणि वनस्पती त्यांना आसरा, अन्न व ऑक्सिजन पुरवते.

गाळाचा वरचा पातळ थर सोडला, तर खाली ऑक्सिजन जवळजवळ नसतो. पाणकणीस, देवनळ यांच्या खोडांत व मुळांत हवेच्या पोकळ्यांची ऊती असते. तिच्यातून पानांकडची हवा मुळांपर्यंत उतरते आणि थोडा ऑक्सिजन मुळांच्या टोकांपाशी गाळात झिरपतो. त्यामुळे प्राणवायुयुक्त व प्राणवायुविरहित गाळ एकमेकांना अगदी खेटून राहतात. पहिल्यात सांडपाण्यातील अमोनियाचे नायट्रेट होते. ते दुसऱ्यात सरकले की तिथले जीवाणू त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. पाण्यातून नायट्रोजन कायमचा बाहेर पडण्याचा हा मुख्य मार्ग आहे. याच ऑक्सिजनमुळे विरघळलेले लोह मुळांवर तांबूस लेप होऊन बसते. भाताचे रोप चिखलातून उपटले की मुळांचा जो गंजासारखा रंग दिसतो, तो हाच. या लेपाला फॉस्फेट व आर्सेनिक चिकटून राहतात.

फॉस्फरसचे गणित मात्र निराळे आहे. त्याला हवेत निसटण्याची वाट नाही. तो गाळात लोहाशी बांधला जातो आणि तळाचा ऑक्सिजन संपला, की सुटून पुन्हा पाण्यात येतो. वनस्पतींनी शोषलेला फॉस्फरसही त्या कुजल्या की बराचसा परत येतो. म्हणून वाढ कापून पाण्याबाहेर नेली, तरच शोषणाचा हिशेब जमेस धरता येतो.

भौतिक परिणाम डोळ्यांना दिसतात. दाट खोडांमुळे प्रवाह मंदावतो, तरंगती माती खाली बसते आणि मुळे ती धरून ठेवतात. नाशिक जिल्ह्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यामागे साठलेल्या गाळावर वनस्पती रुजल्या आणि दलदल व बेटे तयार झाली. 2020 मध्ये ही जागा महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली. दलदलीतल्या पक्ष्यांना लाभलेला हा गाळ बंधाऱ्याची साठवणक्षमता मात्र घटवतो. उथळ तळ्यांत हायड्रिलासारख्या बुडालेल्या वनस्पती गाळ ढवळू देत नाहीत, त्यामुळे पाणी नितळ राहते. त्या नाहीशा झाल्या की शैवाल माजून तेच तळे हिरवट, गढूळ होऊ शकते.

जलपर्णी हे उलट टोक. ती मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिची लोंबती मुळे पोषकद्रव्ये व काही जड धातू झपाट्याने शोषतात, पण तिचा सलग थर प्रकाश अडवतो आणि हवा व पाणी यांतील देवाणघेवाण रोखतो. खालचे पाणी ऑक्सिजनला मुकते, मासे गुदमरतात आणि कुजलेली जलपर्णी तळाशी सेंद्रिय गाळाची भर घालते. सांडपाणी मिसळलेल्या आपल्या नद्यांतील जलपर्णी हे प्रदूषणाचे लक्षण आहे, त्यावरचा उपाय नव्हे. मर्यादेत ठेवली तर तीच उपयोगी पडते: पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत शहराच्या सांडपाण्यावर मासे वाढवले जातात आणि तिथल्या तलावांच्या, म्हणजे ‘भेरीं’च्या, काठाला जलपर्णीची पट्टी राखून बांधांची धूप रोखतात. हा सुमारे 12,500 हेक्टरांचा प्रदेश 2002 पासून रामसर यादीत आहे.

या गुणांचा हेतुपुरस्सर वापर जर्मनीत सुरू झाला. केटे झायडेल या संशोधिकेने 1950 च्या दशकात लव्हाळ्याच्या कुळातील वनस्पतींवर सांडपाण्याचे प्रयोग केले. त्यांतून कृत्रिम पाणथळींचे तंत्र विकसित झाले. आपल्याकडे अशा पाणथळींच्या खडी भरलेल्या वाफ्यांत देवनळ, पाणकणीस व कर्दळ लावतात. आधी गाळ बसवण्याची टाकी नसेल, तर खडीचा थर तुंबतो. वेळेवर कापणी व साफसफाई नसलेला वाफा काही वर्षांत निकामी होतो.