वृत्तपत्रविद्या ते संज्ञापन : महाविद्यालयीन अभ्यासक्रम आणि उपजीविकेचा प्रश्न

मराठी वृत्तपत्राचा आरंभ अध्यापकांच्या हातून झाला. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक झाले. १८८१ मध्ये ‘केसरी’ काढणारी मंडळीही आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमधील शिक्षक होती. असे असूनही महाराष्ट्रात वृत्तपत्र हा महाविद्यालयात शिकविण्याचा विषय होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. या विलंबामागे केवळ विद्यापीठांची उदासीनता नव्हती. पदवी घेऊन विद्यार्थी कोठे जाणार, या प्रश्नाचे निश्चित उत्तर या विषयाजवळ कधीच नव्हते. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचाच मागोवा घेतला आहे.

भारतातील पहिला प्रयत्न म्हणून ॲनी बेझंट यांनी १९२० मध्ये अड्यारच्या राष्ट्रीय विद्यापीठात सुरू केलेल्या अभ्यासक्रमाचा उल्लेख केला जातो. तेथील विद्यार्थ्यांना त्यांच्याच ‘न्यू इंडिया’ पत्रात प्रत्यक्ष काम करावे लागे. वर्ग आणि संपादकीय कचेरी यांमध्ये तेथे भिंत नव्हती. अलीगढ येथील १९३८ चा पदविका अभ्यासक्रम अल्पजीवी ठरला. लाहोरला पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांनी १९४१ मध्ये उभारलेला विभाग फाळणीनंतर दिल्लीस आणि पुढे चंदिगढला आला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे केंद्र म्हणजे नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय. तेथे १९५२ मध्ये वृत्तपत्रविद्येचा विभाग सुरू झाला. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील पत्रे त्या एका शहरातून निघत. अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वुल्सली फुलब्राइट योजनेखाली येथे अध्यापनासाठी आले. त्यांनी संपादित केलेला ‘जर्नॅलिझम इन मॉडर्न इंडिया’ हा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकन पद्धतीचा लाभ निर्विवाद होता : बातमीची रचना, शीर्षक, मुद्रितशोधन यांना शिस्तबद्ध पाठाचे रूप मिळाले. मात्र या शिक्षणाची ग्रंथसामग्री इंग्रजी होती. मराठी पत्रांच्या कचेऱ्यांत अग्रलेखाची भाषा उमेदवारी करूनच आत्मसात करण्याची परंपरा होती, आणि अनेक संपादकांना पदवीधर उमेदवारापेक्षा चांगले मराठी लिहिणारा शाळामास्तर अधिक जवळचा वाटे. संपादकांच्या या संशयात अहंकाराचा भाग असेलही. परंतु तो सर्वस्वी निराधार होता, असे म्हणवत नाही.

कायद्यानेही पदवीस आधार दिला नाही. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ मध्ये झालेल्या अधिनियमात उपसंपादक, वार्ताहर, व्यंगचित्रकार, मुद्रितशोधक अशा सर्वांचा समावेश होता. व्याख्येचा निकष मात्र प्रत्यक्ष व्यवसाय हा होता, शिक्षण नव्हे. वकील वा वैद्य यांच्याप्रमाणे येथे पदवी हा परवाना झाला नाही. २०१३ मध्ये भारतीय वृत्तपत्र परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष न्या. मार्कंडेय काटजू यांनी किमान पात्रतेचा विषय काढला, तेव्हा त्यास बराच विरोध झाला. लेखनस्वातंत्र्याच्या दृष्टीने तो योग्यच होता. तथापि त्यामुळे महाविद्यालयापुढील पेच कायम राहिला.

पत्रकारितेचे दार असे अर्धवटच उघडे असल्याने विद्यार्थी अन्यत्र वळले : शासनाची माहिती खाती, आकाशवाणी, कारखान्यांतील जनसंपर्क विभाग, जाहिरातसंस्था. १९६५ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेच्या प्रारंभिक कार्यात केंद्रीय माहिती सेवेतील अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण प्रमुख होते, ही बाब बोलकी आहे. पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग १९६४ चा. त्याच्या नावात वृत्तपत्रविद्येच्या जोडीला ‘संज्ञापन’ आले. ‘संज्ञापन’ हा शब्द दैनंदिन बोलीत कधी रुजला नाही. पण विषयाचे बदललेले क्षेत्र त्यात सामावत होते. नाव बदलले ते प्रामुख्याने नोकऱ्यांच्या मागोमाग, सिद्धान्ताच्या आग्रहाने नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२००० मध्ये मुंबई विद्यापीठाने बॅचलर ऑफ मास मीडिया हा पदवी अभ्यासक्रम आणला, तेव्हा हे स्थित्यंतर पूर्ण झाले. अंतिम वर्षी विद्यार्थ्याने पत्रकारिता वा जाहिरात यांपैकी एक शाखा निवडावयाची होती. म्हणजे बातमी आणि विक्री एकाच छपराखाली आल्या. खाजगी दूरचित्रवाहिन्यांच्या वाढीचा तो काळ होता. बारावीनंतर थेट प्रवेश मिळत असल्याने महाविद्यालयांनी हा अभ्यासक्रम उत्साहाने स्वीकारला, बहुधा विनाअनुदानित तत्त्वावर. शुल्क विद्यार्थ्यांकडून, आणि अध्यापन बव्हंशी तासिका तत्त्वावरील व्याख्यात्यांकडून, अशी व्यवस्था रूढ झाली. माध्यमांत काम करणारी मंडळी वर्गावर आल्याने अड्यारची जुनी कल्पना एका अर्थी परतली. पण ती व्याख्यानापुरती येत आणि निघून जात. विषयाचा इतिहास लिहील, मराठीत पाठ्यग्रंथ सिद्ध करील असा पूर्णवेळ अध्यापकवर्ग या व्यवस्थेतून क्वचितच उभा राहिला. २०१९ मध्ये या पदवीचे नाव पुन्हा बदलून त्यात ‘मल्टिमीडिया’ आले. २०२१ मध्ये पुण्यातील विभागाच्या विलीनीकरणाचा निर्णय पुढे आला, तेव्हा आजी-माजी विद्यार्थ्यांनी त्यास विरोध केला. त्या विरोधकांत वृत्तपत्रांत नोकरी करणारे होते, तसेच वृत्तपत्रात एकही दिवस न काढलेले पदवीधरही होते.