सूप, सोपारे आणि बुरुड राजा

भातसानगर या नावाची व्युत्पत्ती शोधावी लागत नाही. भातसा नदी, तिच्यावरचे धरण, धरणाची वसाहत. शहापूरही चटकन उलगडते: फारसी 'शाह', संस्कृत 'पुर'. (तालुक्याचे जुने नाव मात्र कोळवण, आणि मला तेच अधिक गोड वाटते.) पण जुन्नरचा माल नाणेघाट उतरून मुरबाडच्या बाजूने ज्या बंदराकडे जाई, त्या सोपाऱ्याचे नाव इतक्या सहजी हाती लागत नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात सागर जामदग्न्य रामाला 'शूर्पारक' देश मोकळा करून देतो. शूर्प म्हणजे सूप, आपण भात पाखडतो तेच. ध्वनींची वाट सरळ दिसते: 'श'चा 'स', 'र्प'चा 'प्प', शेवटच्या 'क'चा 'ग', मग 'य', मग लोप. अडते ते 'ओ'पाशी. 'शूर्प'चे मराठीत 'सूप' झाले, 'सोप' नाही. मग गावच्या नावात 'ओ' कुठला? प्राकृतात जोडाक्षरापूर्वीच्या 'उ'चा पुष्कळदा 'ओ' होतो: तुण्ड-तोंड, शुण्डा-सोंड, पुस्तक-पोथी. दुग्ध-दूध, पुत्र-पूत यांत तो झाला नाही. सूप दुधाच्या वाटेने गेले असावे, सोपारे तोंडाच्या.

याला साक्षीदार आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात 'शोर्पारग' असे रूप येते. 'र्प' संस्कृताचा, 'ओ' आणि 'ग' प्राकृताचे! लिहिणाऱ्याच्या कानी 'सोपारग' पडत असावे आणि त्याने ते निम्मेच संस्कृत केले असावे. इतके बोलके रूप क्वचित मिळते.

आर्यशूराची जातकमाला निराळेच सांगते. पैलतीरी सुखरूप नेणारा तांडेल तो 'सुपारग', त्याच्यावरून त्याच्या बंदराचे नाव. बंदराला हे शोभते खरे, पण 'सुपारग'मध्ये जोडाक्षर नाही, त्यामुळे 'ओ' व्हायला कारण उरत नाही. अरबांच्या 'सुबारा'चे कोडे सोपे आहे: अरबीत 'प' नाही.

१८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याला एक टेकाड उकरले आणि आत बौद्ध स्तूप निघाला. गावकरी त्या टेकाडाला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. बुरुड म्हणजे बांबूच्या कामट्यांची सुपे, टोपल्या विणणारा. नावातले सूप लोकांना संस्कृतावाचूनही ऐकू येत असावे, आणि सूप म्हटल्यावर ते विणणारा आलाच. बुरुड राजा नावाच्या आधीचा नसून नावातूनच जन्मला असावा.